बेडकांचं तिकीट

१५ जून १९८६

आज सकाळी तिसरा डॉक्टर पळाला. त्याचं तिकीट मीच फाडलं.

पुसेटोल्याच्या दवाखान्यात सरकार डॉक्टर पाठवतं. आमची मुक्कामी गाडी त्याला संध्याकाळी नेऊन सोडते. तो मच्छर पाहतो, अंधार पाहतो, दवाखान्याच्या खोलीतली शेळी पाहतो, आणि सकाळी त्याच गाडीनं वापस. पहिला दोन महिने टिकला, दुसरा आठवडाभर, हा तर एकच रात्र. मी सुटे मागितले तर म्हणतो, "उरलेले ठेवून घ्या कंडक्टर, पण गाडी लवकर काढा." म्हणजे मला बक्षिसी! असं डोकं फिरलं बाप्पा, की त्याच्या हातावर एकेक नाणं मोजून ठेवलं.

मुलचेरा येईपर्यंत माझं ठरलं. हे लोक टिकत नाहीत, तर डॉक्टर आपणच व्हावं. ड्रायव्हर मुखरूभाऊंना ताबडतोब सांगितलं. त्यांनी गिअर बदलला आणि म्हणाले, "हो जो गा. पहिले घंटी मार. मागं बुढी उतरून राह्यली."

मोठी माणसं दैनंदिनी लिहितात म्हणून आजपासून मीही लिहिणार. गुलाब बापूराव निमगडे, कंडक्टर, वय चोवीस. पुढे ज्याला वाचायचं त्याला सोपं जावं म्हणून अक्षर नीट काढतो आहे.

२३ जून

दोन दिवस सुटी काढून बल्लारपूरला घरी गेलो. त्याआधी डेपोच्या गावातल्या कॉलेजात चौकशी केली. माझी बारावी सायन्सच आहे, पण मी गणित घेतलं होतं. (मित्रानं घेतलं म्हणून घेतलं. तो आता किराणा चालवतो.) मेडिकलला जीवशास्त्र लागतं. क्लार्क म्हणाला, एकच विषय वेगळा देता येतो, पण प्रॅक्टिकलं इथंच करायची, आठवड्यात दोनदा सकाळी. ती भरली नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत.

बाबांना सांगितलं. ते पेपर मिलमधून मार्चमध्ये रिटायर होतात. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "पाय बेटा, मार्चपर्यंत माह्या पगारावर घर चालते. तुयं तू पाय. मार्चनंतर तुह्याच पगारावर लहान्या दोघायचं शिक्षण. एक वर्ष तुले देतो. दुसरं माह्याजवळ नाई."

आई म्हणाली, "डॉक्टर झाला की पहिले माहे गुडघे पायजो." आजच पाहा म्हणत होती. मी म्हटलं, अजून पुस्तक घेतलं नाही.

म्हणजे हे एकच वर्ष. नंबर लागला तर लागला.

१० जुलै

अभ्यासासाठी रजा द्या, निदान मुक्कामी ड्यूटी बदलून द्या, असा अर्ज केला होता. डेपो मॅनेजरांनी बोलावलं.

"निमगडे, अभ्यासासाठी रजा देण्याची तरतूद नाही."

"मग कशासाठी आहे साहेब?"

"आजारासाठी आहे. लग्नासाठी आहे. कोणी वारलं तर आहे." त्यांनी फार आशेनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे यातलं काही आहे का?"

माझ्याकडे यातलं काही नाही. सध्या सहकारी कंडक्टरांच्या ड्यूट्या करून देतो आणि बदल्यात प्रॅक्टिकलच्या सकाळी मोकळ्या मागून घेतो. असं झालं आहे की मी कोणाच्या जागी आहे आणि माझ्या जागी कोण आहे हे डेपोत कोणालाच सांगता येत नाही. काल हजेरीवर मी एकाच वेळी दोन गाड्यांवर होतो.

२६ जुलै

प्रॅक्टिकलचे वासेकर सर म्हणाले, कॉलेजला बेडूक कमी पडतात. हात बसायला हवा असेल तर आपापले आणा.

पुसेटोल्याला मुक्काम असला की बुधरीबाईकडे जेवण असतं. कोणतीही गाडी येवो, ड्रायव्हर-कंडक्टरचा भात बुधरीबाईच्याच घरी. पैसे दिले तर रागावते. त्याऐवजी ती आणि सगळं गाव मला सामान सांगतं, ते मी दुसऱ्या फेरीला आणतो. तापाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, पोरांच्या खरजेचं मलम. दवाखान्यात शेळी आहे, औषधं नाहीत.

आज मी तिला म्हटलं, "बाई, मला बेडूक पाहिजेत."

तिनं मुखरूभाऊंकडे पाहिलं. मग हळूच मला म्हणाली, "काऊन गा? डेपोत पगार देत नाईत का?"

मी समजावलं. खायचे नाहीत, कापून आत पाहायचं आहे. काळीज कुठं, आतडं कुठं. ती म्हणाली, "हे तर मी सांगतो ना. कापाले कायले लागते?" आणि ताटातल्या भातावर बोटानं बेडूक काढून दाखवला. आतडं बरोबर दाखवलं, पण पित्ताशय विसरली. ते मी सांगितलं.

९ ऑगस्ट

सर्वनाश.

सुकलूनं मोठं मडकं भरून बेडूक दिले. सुकलू हा बुधरीबाईचा शेजारी, कोणतंही काम सांगा, गरजेपेक्षा जास्त करतो. तोंडाला कापड बांधून मडकं मी मागच्या सीटखाली ठेवलं. मुलचेऱ्याच्या पुढे चेकर चढले. गाडी खचाखच. त्यांनी तिकिटं तपासायला सुरुवात केली आणि मुखरूभाऊंनी नेमका तो खड्डा पकडला, जो ते रोज चुकवतात.

मडकं लवंडलं. पुढे काय झालं ते लिहायला हात धजत नाही. एक बाई सीटवर उभी राहिली. मासळीची टोपली घेऊन बसलेल्या बंगाली काकांनी दोन बेडूक आपल्याच टोपलीत पकडले आणि वर झाकण लावलं. एक चेकरसाहेबांच्या चामडी बॅगेत शिरला आणि काही केल्या निघेना. पोरं टाळ्या पिटत होती.

"हे कोणाचे?" चेकर ओरडले.

मीच हात वर केला. "माझे साहेब. विज्ञानासाठी आहेत."

"विज्ञानाचं तिकीट काढलं का?"

१२ ऑगस्ट

निलंबन. विनातिकीट प्राण्यांची वाहतूक. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर यायचं नाही, रोज डेपोत येऊन सही करायची, गाव सोडायचं नाही, दुसरा धंदा करायचा नाही. पगार अर्धा.

दिवसभर खोलीत पडून होतो. बाबांना कोणत्या तोंडानं सांगू? त्यांनी वर्ष दिलं आणि मी त्यात बेडूक सोडले.

१४ ऑगस्ट

सकाळी सही करून बाहेर आलो, चहा घेतला आणि एकदम लक्षात आलं. सही झाली. आता दिवसभर काय? काहीच नाही! रोज सकाळी सही, नंतर संध्याकाळपर्यंत पुस्तक. आणि महिन्याला अर्धा पगार घरपोच.

ज्या रजेची तरतूद नाही म्हणत होते, ती हीच की! फक्त तिचं नाव वेगळं आहे.

चहावाल्याला म्हटलं, "एक भजी प्लेट दे." अर्ध्या पगारात भजी परवडत नाहीत. तरी खाल्ली.

७ सप्टेंबर

बहार आहे. दुपारी डेपोच्या चिंचेखाली बसतो. एकवेळ खानावळीत, एकवेळ आईनं पाठवलेले पोहे. धमनीसंस्था पाठ. फुलांची कुळं पाठ. वासेकर सर म्हणाले, "निमगडे, हात चांगला आहे. चाळीस पोरांत तुझाच बेडूक नीट उघडतो." सर पुढे गेल्यावर मी एकटाच हसत होतो.

डेपो मॅनेजर भला माणूस आहे. माझ्याजवळून जाताना खालच्या आवाजात बोलतात, घरात कोणी गेल्यासारखे. "धीर धरा निमगडे. लवकर निकाल लावतो." मी मान खाली घालून म्हणतो, "घाई नको साहेब. नीट चौकशी व्हावी." त्यांना वाटतं मी फार सोशिक आहे.

२१ सप्टेंबर

मुखरूभाऊ मुक्कामाहून आले. म्हणाले, पुसेटोल्यात तापाची साथ आहे, गाव रोज तुझी चौकशी करतं. नवा कंडक्टर सामान आणत नाही. म्हणतो नियमात नाही. मी गोळ्या घेऊन मुखरूभाऊंजवळ दिल्या.

लोकांना माझी एवढी आठवण येते हे पाहून बरं वाटलं. मी गाडीवर सगळ्यांशी अदबीनं वागायचो, त्याचं हे फळ.

१२ ऑक्टोबर

दसरा. बाबा, आई, सगळे दीक्षाभूमीला नागपूरला गेले. मला गाव सोडता येत नाही. खोलीतच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि वनस्पतींच्या श्वसनावर बसलो. पहिल्यांदाच एकटं वाटलं.

मुखरूभाऊ गोळ्या मागायला दोनदा येऊन गेले म्हणे. मी लायब्ररीत होतो. पुढच्या फेरीला देईन.

२० नोव्हेंबर

आज चौकशीची पहिली तारीख. मॅनेजर, अकाउंटवाले क्लार्क आणि समोर लगेजच्या दरांचं पत्रक. बेडकाचं किती तिकीट बुडालं हे ठरल्याशिवाय शिक्षा ठरत नाही. पत्रकात कोंबडी आहे, बकरी आहे, मासळीची टोपली आहे. बेडूक नाही.

मॅनेजर म्हणाले, "पाण्यात राहतो. मासळी लावा."

क्लार्क म्हणाले, "साहेब, मासळीचा दर मेलेल्या मासळीचा आहे. हे तर उड्या मारत होते. कोंबडी लावा."

"कोंबडीला पंख असतात."

"बकरीला कुठं असतात?"

शेवटी मॅनेजर माझ्याकडे वळले. "निमगडे, तुम्ही तर हे शिकता. तुम्हीच सांगा."

मी उभा राहून सांगितलं, "साहेब, बेडूक उभयचर आहे. पाण्यातही राहतो, जमिनीवरही."

"म्हणजे अर्धी मासळी, अर्धी कोंबडी?"

क्लार्कनं तसं लिहायला घेतलं, पण मॅनेजर घाबरले. उद्या ऑडिटनं विचारलं तर? वर विचारणा करायचं ठरलं. उत्तराला दोन-तीन महिने सहज जातील. मी मनातल्या मनात त्या पत्रकाला नमस्कार केला.

५ जानेवारी १९८७

वेळापत्रक लागलं. प्रॅक्टिकल परीक्षा शुक्रवार, २० फेब्रुवारी, सकाळी अकरा. लेखी मार्चमध्ये. प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे विषय गेला, विषय गेला म्हणजे वर्ष गेलं, आणि बाबांजवळ दुसरं नाही.

वरून अजून उत्तर नाही. देव मानत नाही, नाहीतर नवस बोललो असतो.

१२ फेब्रुवारी

आज माझा घात झाला. आणि केला कोणी? माझ्याच माणसांनी.

चौकशीची तारीख होती. वरून उत्तर आलं होतं: बेडकाचा दर अस्तित्वात नाही, स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा. मॅनेजर पुन्हा वर लिहिणार होते. कागद टाइपरायटरवर चढलासुद्धा होता. एवढ्यात बाहेर गलका. पाहतो तर पुसेटोल्याची गाडी रिकामी झालेली आणि अख्खं गाव डेपोच्या व्हरांड्यात. पुढे सुकलू, मागे बुधरीबाई. साक्ष द्यायला आलेत म्हणे. बोलावलं होतं कोणी?

सुकलू म्हणाला, "साहेब, पावसाचे दिवस होते. गाडीचं दार उघडं. बेडूक चढले. त्याइले कोण अडवते?"

"मडक्यात कसे आले?"

"मडकं माह्यं होतं. रिकामंच होतं. ते त्याइच्या मनानं जाऊन बसले."

"वर कापड बांधलेलं होतं."

बुधरीबाई पुढे झाली. "साहेब, तुमच्या आंगणात बेडूक आला तर तो तुमचा होते का? त्याचा कर भरता का तुम्ही? बेडूक कोणाचाच नसते जी. आमचा कंडक्टर साधा हाय, त्यानं उगाच हात वर केला."

मी ओरडलो, "साहेब, खोटं आहे! बेडूक माझेच होते!"

"पाहा," मॅनेजर गावकऱ्यांना म्हणाले, "किती सरळ माणूस." मग मला, "निमगडे, एवढे लोक पन्नास कोस उन्हातून आले, त्यांना खोटं पाडू नका."

"साहेब, मला दोषी ठरवा. हात जोडतो. निदान एप्रिलपर्यंत तरी."

त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरले. त्यांनी जागच्या जागी फाईल बंद केली. निर्दोष. उद्यापासून हजर. आणि कंडक्टरांची टंचाई असल्यानं, गावकऱ्यांच्या खास विनंतीवरून, पुसेटोला मुक्कामी.

गुरुवारी मुक्कामाला जायचं, शुक्रवारी सकाळी परत. शुक्रवार वीस तारीख.

सुकलूनं मला व्हरांड्यात खांद्यावर उचललं. मी खाली उतरायचा प्रयत्न करत होतो, लोकांना वाटलं नाचतो आहे.

१४ फेब्रुवारी

रजा मागितली. नाही. आधीच सहा महिने गैरहजर होतात, म्हणाले. ड्यूटी बदला म्हटलं. त्या रात्रीसाठी कोणी तयार नाही; शुक्रवार हा वाटेतल्या आठवडी बाजाराचा दिवस, गाडीला लोक लोंबकळतात, तिकिटं फाडून हात दुखतो.

मग पुन्हा निलंबित व्हायचं ठरवलं. गाडीत सगळ्यांशी उद्धट बोललो. एका पेन्शनर गुरुजींना म्हटलं, "सरका हो, सीट काय तुमच्या बापाची आहे?" आणि वर सांगितलं, तक्रारवही मागा, मी देतो. गुरुजी म्हणाले, "फार सोसलंस पोरा." पाठीवर हात ठेवला. खाली उतरून डोळे पुसत गेले.

सगळ्या रस्त्याला माझी कहाणी माहीत आहे. माझी तक्रार करायला कोणी राजी नाही.

१६ फेब्रुवारी

पुसेटोल्यात आज माझा तोल गेला. भात समोर तसाच ठेवला आणि बुधरीबाईला म्हटलं, "काय केलं हे बाई? माझं वर्ष घालवलं तुम्ही! मी मोकळा होतो. सुखानं शिकत होतो. कोणी सांगितलं होतं वाचवायला?"

ती चुलीजवळ बसली होती. म्हणाली, "कोणी नाई सांगितलं. आमाले वाटलं तू गाडीवर पायजे."

"काऊन?"

"सहा महिने गोळ्या नाई आल्या गा."

"मुखरूभाऊंजवळ दिल्या की!"

"एक डाव दिल्या."

मी डॉक्टरकीचं बोलतो आहे आणि ही गोळ्यांचं. या लोकांना पुढचं दिसतच नाही. मी तिला परीक्षा म्हणजे काय, ती चुकली तर काय, बाबांचं मार्चमध्ये काय, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत राहिली. तिनं विचारलं, "पास झाला तर जाशीन?"

"जावंच लागेल. नागपूरला. पाच-सहा वर्षं."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. सुकलू दारात उभा होता, तोही गेला.

१७ फेब्रुवारी

मुखरूभाऊंना वय झाल्यामुळे असेल, भलत्या चौकशा सुचतात. परीक्षा अकरालाच का. गाडी डेपोत लागल्यावर मला किती वेळ लागतो. मी चिडून सांगितलं, गाडी लागते दहाच्या पुढे, बाजाराच्या दिवशी अकरा. त्यानंतर तिकिटं जुळवा, रोकड मोजून भरा, सह्या घ्या, त्यात तासभर. हे तीस वर्षं गाडी चालवतात आणि माहीत नाही.

"म्हणजे तिकिटंच नसली तं?" म्हणाले.

माणूस दुःखात असताना लोकांना कोडी सुचतात.

१९ फेब्रुवारी

पुसेटोला. सगळं आटोपलं. कात्री, चिमटे, सुया सोबत घेतल्या आहेत, का ते माहीत नाही. बाबांना काय लिहायचं त्याची वाक्यं जुळवतो आहे. गाव आज फार शांत आहे. सुकलूही नाही, दुपारीच सायकल घेऊन रस्त्यानं पुढे गेला म्हणे, अजून आला नाही. बुधरीबाईनं भात वाढला आणि लगेच शेजारी निघून गेली. त्या दिवशीचा राग असेल. असू दे.

२० फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

पहाटे गाडी पुसेटोल्याला उभी. रोज इथंच निम्मी भरते. आज वाडीतली सगळी माणसं थांब्यावर होती, डोक्यावर वालाच्या शेंगांच्या टोपल्या, बाजाराच्या तयारीत. मी दार उघडलं. कोणी चढेना.

"चला, लवकर!" मी म्हटलं.

बुधरीबाई म्हणाली, "आमाले आज कुठी जायचं नाई."

"मग टोपल्या?"

"अशाच घेतल्या."

मी काही विचारणार तोच मुखरूभाऊंनी घंटीची वाट न पाहता गाडी सोडली. मी दांडा धरून कसाबसा आत. पुढच्या टोल्याच्या थांब्यावर तेच. लोक उभे, बकऱ्यांचे दोर हातात, कोंबड्या बगलेत. गाडी आली की सगळे हात वर, पण थांबवायला नाही. "जा जा!" म्हणत पुढे घालवायला. त्याच्यापुढच्या थांब्यावर तेच. मुलचेऱ्याला बंगाली काका मासळीची टोपली मांडीवर घेऊन थांब्यावर बसले होते. मी दारातून ओरडलो, "काका, मासळी खराब होईल!" त्यांनी नुसतं पुढे बोट दाखवलं. ते पेन्शनर गुरुजीही रस्त्याच्या कडेला छत्री हलवत होते.

बाजाराच्या दिवशी, भर रस्त्यावर, अख्खी गाडी रिकामी. मी तिकिटांची पेटी गळ्यात अडकवून मधल्या वाटेत उभा. सगळ्या सीटा खाली आणि मी बसलो नाही. बसवेना.

नदीजवळ आल्यावर मुखरूभाऊ आरशातून म्हणाले, "तिकीट नाई तं हिशोब नाई. आता रडत बसू नको, ते बेडकाचं काय ते एक डाव म्हणून घे." मी धमनीसंस्था मोठ्यानं म्हणायला लागलो. ते म्हणाले, "जोरानं म्हण, इंजिनात ऐकू येत नाई."

डेपोत लागलो तेव्हा दहाला बराच अवकाश होता. काउंटरवर पेटी ठेवली. क्लार्कनं विचारलं, किती? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी पेटी हलवून पाहिली आणि एका मिनिटात सही दिली. मी धावत सुटलो.

परीक्षेला पचनसंस्था आली. बाहेरचे परीक्षक माझ्या ट्रेपाशी थांबले, वाकले, वासेकर सरांना खूण करून दाखवलं. सरांनी जाता जाता माझ्या टेबलावर दोनदा बोटं वाजवली. झालं. चांगलं झालं. फारच चांगलं झालं!

दुपारी मॅनेजरांनी बोलावलं. बाजाराच्या दिवशी उत्पन्न शून्य कसं, लेखी खुलासा द्या. मी लिहिलं, "प्रवाशांना कुठेही जायचे नव्हते." त्यांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

२१ फेब्रुवारी

काल दुसरा कोणी मिळेना, म्हणून संध्याकाळी पुन्हा पुसेटोला मलाच. वाटेत जो जो चढला त्याला विचारलं, सकाळी का आला नाहीत? सगळ्यांचं उत्तर एकच, "काम नव्हतं." सुकलू तर म्हणाला, तो दोन दिवस घरातच झोपून होता. त्याच्या सायकलचं चाक वाकडं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. गोळ्या मी मुलचेऱ्यालाच घेतल्या होत्या, पिशवी भरून. बुधरीबाईनं पिशवी उतरवून घेतली, उघडलीही नाही.

वाडीत शिरलो तर पहिल्या घरी वालाच्या शेंगांची भाजी. दुसऱ्या घरी तीच. तिसऱ्या घरी पोरं सोललेल्या शेंगांच्या ढिगावर बसलेली. बाजारात जायला निघालेला सगळा माल गावानं शिजवला होता, आणि उरलेला शेळ्या खात होत्या.

बुधरीबाईनं भात वाढला, वर भाजी. मला सांगायचं होतं की मी परत येईन. पाच वर्षं लागोत, सहा लागोत, येईन. तोंड उघडलं. पुढे काही ऐकायला थांबायचं नाही असं ठरवल्यासारखी ती मीठ आणायला उठली. आधीचे तिघं डॉक्टरही जाताना हेच म्हणाले असतील. मी जेवायला लागलो. दोन घास गेले आणि डोळ्यांतून धाराच लागल्या, मुखरूभाऊंसमोर, सुकलूसमोर, सगळ्या पोरांसमोर.

"तिखट झाली का गा?" बुधरीबाईनं विचारलं.

मी म्हटलं, "हो."

तिनं ताटात आणखी भाजी वाढली.